डोक्यावरचा टोप आणि पायांखालची जाळी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. शिरस्त्राण हा शब्द कानी पडताच रणांगण आठवते. बांधकाम आठवत नाही. किल्ला लढवणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. पण तोच किल्ला बांधणाऱ्याच्या डोक्यावर काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्याच्या डोक्यावर मुंडासे होते आणि त्याच्याबरोबर राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ होती. चुंबळ घमेल्याचा भार सोसण्यासाठी असते. वरून सुटलेल्या दगडापासून ती कोणाला वाचवीत नाही. डोके म्हणजे ओझे वाहण्याचे साधन ही समजूत मागे पडून, डोके ही जपण्याची वस्तू आहे, ही समजूत रुजण्यास फार काळ लागला. त्या काळाचीच हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात बोगद्यांमागून बोगदे येतात, आणि आपण खिडकीपाशी बसून दरी पाहत असतो. हा बोरघाटाचा लोहमार्ग 1856 साली हाती घेतला गेला आणि 1863 साली खुला झाला. जेमतेम 16 मैलांत 1,800 फुटांहून अधिक चढ आणि 25 बोगदे, असे ते काम. ऐन भरात असताना तेथे 40 हजारांहून अधिक माणसे राबत होती. कड्यावर पाय ठेवावयास जागा नसे, तेव्हा माणसाला दोराने खाली सोडीत आणि तो अधांतरी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडी. दोर हेच त्याचे एकमेव संरक्षण. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली येथे आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. त्याच्या पश्चात त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुरे केले. सुरुंग, पडझड आणि पटकी यांनी हजारो मजूर नेले. ट्रेडवेल दांपत्याचे नाव इतिहासात राहिले. त्या हजारांचा केवळ आकडा राहिला.

आता सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत जाऊ. कारण बांधकामावरच्या कठीण टोपाचा जन्म तिकडचा. सॅन फ्रान्सिस्को येथे बुलार्ड नावाचे कुटुंब खाणकामगारांना लागणारे सामान विकीत असे. त्या घरातला एडवर्ड बुलार्ड पहिल्या महायुद्धात लढून परतला. खंदकातल्या शिपायांच्या डोक्यावरचा पोलादी टोप त्याने पाहिला होता. खाणीतल्या माणसावरही दगड कोसळतातच, मग त्याला टोप का नसावा, असा साधा विचार त्याने केला. 1919 साली त्याने जाड कापडाला वाफ देऊन, सरस लावून आणि काळा रंग चढवून एक टोप तयार केला. पुढे अॅल्युमिनियम आले, काचतंतू आले, प्लॅस्टिक आले. परंतु टोपाची खरी करामत बाहेरच्या कवचात नाही, आतल्या पट्ट्यांत आहे. त्या पट्ट्या कवच आणि टाळू यांच्यामध्ये मोकळी जागा राखतात. आघात झाला की कवच खाली दबते, पट्ट्या ताणल्या जातात आणि एका बिंदूवरचा मार सबंध डोक्यावर वाटला जातो. म्हणून आतल्या पट्ट्या काढून टाकलेला टोप हा टोप नव्हे. ती पालथी घातलेली वाटी होय.

टोप निघाला म्हणून तो लगेच सर्वांच्या डोक्यावर चढला, असे मात्र झाले नाही. 1932 साली न्यूयॉर्कमधल्या एका गगनचुंबी इमारतीच्या तुळईवर बसून जेवणाऱ्या अकरा कामगारांचे छायाचित्र काढले गेले. ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खाली सबंध शहर पसरले आहे आणि त्या माणसांच्या डोक्यांवर कापडी टोप्या आहेत. कमरेला दोर नाही. त्या चित्राचे आपण कौतुक करतो. त्यातले धैर्य खरेच आहे. पण ज्याला पोटासाठी धैर्य दाखवावे लागते, त्याच्या धैर्याचे कौतुक करताना थोडा संकोच वाटावयास हवा.

त्याच सुमारास कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम चालू होते. तेथेही बोरघाटाप्रमाणेच माणसे दोराला लोंबकळून कडा साफ करीत आणि वरून सुटलेले दगड त्यांच्या डोक्यांवर येत. तेव्हा या कामगारांनी स्वतःच एक युक्ती काढली. आपल्या कापडी टोप्या ते डांबरात बुडवीत आणि वाळवून दगडासारख्या कडक करीत. असा टोप घातलेल्या काहींचे जबडे मोडले, पण डोके शाबूत राहिले. हे पाहून कंत्राटदारांनी कारखान्यात बनवलेले टोप मागवले. मजुराला आपल्या जिवाची फिकीर नसते, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. येथे मालकाच्या आधी मजुराला शहाणपण सुचले होते.

जानेवारी 1933 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सामुद्रधुनीवर गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले. त्या काळी पुलांच्या कामात दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक बळी जायचाच, असा हिशोब धरीत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस याने तो हिशोब नाकारला. टोप घालणे त्याने सक्तीचे केले. वाळूच्या झोताने पोलाद घासणाऱ्यांसाठी तोंड झाकणारे व आत स्वच्छ हवा पुरवणारे टोप बनवून घेतले, चकाकीपासून बचावासाठी चष्मे दिले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुलाखाली टोकापासून टोकापर्यंत जाळी पसरली. तिला 1 लाख 30 हजार डॉलरांच्या घरात खर्च आला. त्या जाळीने 19 जणांचे प्राण वाचवले.

जवळजवळ चार वर्षांत तेथे केवळ एक मृत्यू झाला होता. काम संपत आले आणि 17 फेब्रुवारी 1937 रोजी बारा माणसांसह एक परांची कोसळली. तिच्या भाराने जाळी फाटली आणि दहा माणसे समुद्रात जाऊन मेली. जाळी माणसाचे वजन पेलण्यासाठी होती; लोखंडी सांगाड्याचे नव्हे. त्या दहांची नावे आज पुलापाशी फलकावर कोरलेली आहेत.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. जाळी व्यर्थ होती, असा तो अर्थ नव्हे. ती नसती तर आणखी 19 कुटुंबे उघडी पडली असती. अर्थ असा की टोप, पट्टा आणि जाळी ही संरक्षणाची शेवटची फळी आहे. पहिली फळी म्हणजे भक्कम परांची. मजुराच्या डोक्यावर टोप ठेवून परांचीला कुजके बांबू लावणाऱ्याने आपले कर्तव्य केले, असे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे कारखान्यांचा कायदा 1948 साली झाला, पण तो गिरणीतल्या माणसासाठी. बांधकामावरचा मजूर आज येथे तर उद्या तेथे. त्याला ना फाटक, ना हजेरीपट. 1985 पासून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने त्याच्यासाठी स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली, आणि 1996 साली तो झाला. मात्र दहाहून कमी मजुरांची कामे त्या कायद्याबाहेर ठेवली होती. आता विचार करा : आपल्या गल्लीत घरावर एक मजला चढतो, तेव्हा तेथे किती माणसे असतात? गवंडी दोन, बिगारी चार. म्हणजे जेथे तपासनीस पोहोचत नाही, ती जागा आपल्याच अंगणात असते, आणि तेथला मालक दुसरातिसरा कोणी नसून आपणच असतो.

कोणी म्हणेल, टोप दिला तरी ही माणसे घालीत नाहीत. काही अंशी हे खरे आहे. उन्हात टोप तापतो. आणि डोक्यावर घमेले वाहणाऱ्या बाईने तो घालावा तरी कसा? पण याचे उत्तर टोप न देणे हे नव्हे. वीट वर नेण्यास कप्पी किंवा पाळणा लावा, म्हणजे चुंबळ उतरेल आणि टोपाला जागा होईल. सोय आधी आणि सक्ती मागाहून, हाच गोल्डन गेटचा धडा आहे.

घर बांधताना आपण मुहूर्त पाहतो, पायाशी नारळ फोडतो, वास्तुशांतीला चार माणसे जेवू घालतो. त्या खर्चात सहा टोप आणि दोन पट्टे यांची भर पडली तर घराला काही उणेपणा येणार नाही. बोरघाटातल्या हजारांसाठी आता काही करता येणार नाही. पण उद्या सकाळी आपल्या दारी जो गवंडी ओळंबा घेऊन परांचीवर चढेल, त्याच्यासाठी अजून वेळ गेलेली नाही.