कुलूप आणि रखवालदार

भक्कम कुलूप म्हणजे निर्धोक वाहन, हा इंग्रजांचा समज १८५५ सालीं फोल ठरला. त्या वर्षीं १५ मेच्या रात्रीं लंडनहून फोकस्टनला गेलेल्या आगगाडींत पॅरिसकडे जाणारें सुमारें १२,००० पौंडांचें सोनें होतें. गार्डाच्या डब्यांतील तिजोऱ्यांना चब कंपनीचीं कुलुपें होतीं. एगर आणि पियर्स यांनीं तीं फोडलीं नाहींत; रेल्वेचा कारकून टेस्टर याच्या साहाय्यानें किल्ल्यांचे मेणावर ठसे घेतले. गार्ड बर्जेस यानें डब्याचें दार मोकळें केलें. सोन्याच्या जागीं शिसें भरलें गेलें. पुढें पियर्सनें एगरच्या पैशांबाबत दगा दिला, तेव्हां एगरच्याच जबानीनें १८५७ सालीं इतर तिघांना शिक्षा झाली. उतावळ्या चोरास कुलूप थोपवितें. चिकाटीच्या चोरापुढें त्याचें बळ किल्ली राखणाराच्या सचोटीएवढेंच.