वॅलेन्सियाचा भात



उधन्याहून रेल्वेचा एक फाटा तापीच्या खोऱ्यातून खानदेशाकडे, जळगावास जातो. त्या वाटेने येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी घरांत भाकरी आणि खिचडी ही रोजची. तेव्हा स्पेनमधील एका भाताची कथा मी सांगू लागलो, तर आपणांस नवल वाटेल. पण गेल्या एका रविवारी हा भात मी घरी रांधून पाहिला, आणि रांधता रांधता इतिहासाची काही पाने पुन्हा उलटावी लागली.

या भातास 'पाएया' म्हणतात. हे नाव वस्तुतः भांड्याचे. लॅटिनमध्ये 'पातेल्ला' म्हणजे पसरट ताटली. त्यावरून हा शब्द आला. आपल्या पातेल्याशी उच्चार जुळतो खरा, पण तेवढ्यावरून सोयरीक जुळविण्याचा मोह मी टाळतो. भांडे असे रोमनांचे. आत शिजणारा तांदूळ मात्र अरबांनी नेलेला. स्पॅनिश 'आरोस' हा अरबी 'अर्-रुझ' होय, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या पौर्वात्य शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील 'व्रीहि'शी जोडतात. केशर, पाण्याचा पाट, एवढेच काय, वॅलेन्सिया शहरानजीकच्या भातखाचरांमधले आल्बुफेरा सरोवर, या साऱ्यांची नावे अरबीच.

१२३८ साली आरागॉनचा ख्रिस्ती राजा पहिला जेम्स याने वॅलेन्सिया जिंकले. मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभे राहिले, पण पाट राहिले. पाणी वाटण्याची रीतही मुसलमानी अमदानीपासून चालत आली, असे तेथे मानले जाते. आजही दर गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास त्या कॅथीड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि पाण्याच्या तंट्यांचा निवाडा तोंडी करतात. २००९ साली युनेस्कोने या पंचायतीस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. काक्रापारच्या कालव्यावर भात पिकविणाऱ्या आमच्या सुरत जिल्ह्यातील शेतकऱ्यास पाण्याच्या पाळीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

पाट राहिले, माणसे मात्र राहू दिली नाहीत. वॅलेन्सियातील मुसलमानांना सोळाव्या शतकात सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. त्यांच्या वंशजांना 'मोरिस्को' म्हणत. ते कागदोपत्री आमच्याच चर्चची लेकरे होते. तरीही १६०९ साली राजा तिसरा फिलिप याने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला, आणि वॅलेन्सियाच्या राज्यातील सुमारे एक तृतीयांश प्रजा गलबतांत घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली. कित्येक गावे ओस पडली. मी स्वतः कॅथलिक आहे. ही हकीकत वर्गात शिकवताना माझा आवाज दरवेळी थोडा खाली येतो, हे कबूल केलेले बरे.

आणि हा राजा आपल्याला परका नव्हे. त्या काळी पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याच शिरावर होता. म्हणजे येथून दक्षिणेस असलेले दमण आणि त्याखालची वसई यांचा धनी तोच. स्पेनमध्ये कोण कशात स्वयंपाक करतो, डुकराची चरबी वापरतो की तेल, यावरून धर्मनिष्ठा पारखली जाई. ती नजर पुढे आपल्या किनाऱ्यावरील चुलीपर्यंतही पोहोचली. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले. त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती लोकांना जे जे वर्ज्य ठरविले, त्यात हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजविणे हेही होते! अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथामुळे हा सारा इतिहास अभ्यासकांपुढे आला. तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेथले पोर्तुगीज अधिकारी गेले. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्द मात्र आपल्या तोंडी राहिले.

आता माझ्या रविवारविषयी. वॅलेन्सियात कोंबडी आणि ससा असे दोन्ही मांस घालतात. मी कोंबडीवरच भागविले. तिकडच्या चपट्या हिरव्या शेंगांऐवजी सुरती पापडी घेतली, आणि पांढऱ्या दाण्यांसाठी डबल बी रात्रभर भिजत घातली. कांदा नाही. पसरट लोखंडी कढईत तेलावर कोंबडी तांबूस परतली. मग पापडी, किसलेला टोमॅटो व तिखटपणा नसलेली लाल मिरचीची पूड घातली. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिकेतून आलेली. म्हणजे १४९२ पूर्वी या रूपात हा पदार्थ कोणी चाखलाच नसेल. मग पाणी, भिजवलेली डबल बी व केशर घालून रस अर्धा तास उकळू दिला आणि त्यात तांदूळ सारखा पसरला. तिकडचा 'बोंबा' तांदूळ आखूड, भरपूर पाणी पिऊनही न फुटणारा. मी घेतलेल्या सुरती कोलमास इतके पाणी सोसत नाही; एका वाटीस अडीच वाट्या रस पुरला.

यापुढे डाव लावायचा नाही. ढवळला की खिचडी झाली, आणि आमच्या घरातील मंडळींना ते आवरणे फार जड गेले. रस आटला की अखेर आच जरा वाढवावयाची, म्हणजे तळाशी खरपुडी धरते. तिकडे तिला 'सोकारात' म्हणतात व तिच्यावरून पंगतीत ओढाताण होते. आमच्याकडेही झाली. पहिला घास घेताच पत्नी म्हणाली, "अहो, मीठ?" ते घालावयाचे राहूनच गेले होते. मीठ वरून भुरभुरले, आणि पाचही जण कढईभोवती चमचे घेऊन बसलो.