गिरणगावातील बाळंतीण

परळ, लालबाग, शिवडी आणि वरळी या मुलखावर कापडगिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहून त्याला गिरणगाव हे नाव पडल्यानंतर, रत्नागिरी, सातारा वा पुणे जिल्ह्यातून पोटासाठी मुंबईस आलेल्या कष्टकरी कुटुंबातील जिला बाळंतपणासाठी माहेरी जाता येई, ती स्त्री भाग्यवान समजली जाई. गावी दारिद्र्य होतेच. तरीही तेथे बाळंतिणीसाठी एक अंधारी खोली, बाजेखालची शेगडी, अंगाला तेल आणि सव्वा महिन्याची विश्रांती एवढे रूढीने राखून ठेवलेले असे. खात्यापित्या घरात डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर होई, तर गरिबाघरी तांदळाची ऊन पेज, मेथ्या आणि खोबऱ्या-गुळाचा तुकडा तरी तिच्या ताटात पडे. बाळाची गुटी म्हणजे वडीलधाऱ्या बाईचे खास काम. आईच्या दुधात सहाणेवर वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग एकेक करून उगाळायचे, कशाचे किती वेढे द्यावयाचे हे बाळाच्या वयावर व पोटावर ठरवायचे, आणि जायफळाचा वेढा जास्त पडला तर मूल गुंगते म्हणून हात आवरता घ्यायचा, असे ते जपून चाललेले काम असे.

परंतु जिला गावी जाणे परवडत नसे, तिचे काय? घरात कर्ज, नवऱ्याची बदलीवरची नोकरी, आणि खाडे पडले तर आपली जागा दुसरीला जाईल ही धास्ती, यांमुळे पोटुशी स्त्री अगदी दिवस भरेपर्यंत गिरणीत उभी राही. सुमारे १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण पंचमांशाच्या आसपास होते, आणि त्यांतील बहुतेक वाइंडिंग व रिळिंग या खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर होत्या. या कामाची मजुरी नगावर मिळत असल्यामुळे हात मंदावला की रोज घटे. आणि त्या खात्यावर हुकमत चालविणाऱ्या नायकिणीला दस्तुरी द्यावी लागे ती निराळीच. १९२२ च्या कायद्याने कामाचा दिवस ११ तासांवर आणला खरा, पण पहाटेचा स्वयंपाक, नळावरचे पाणी आणि जाण्यायेण्याची पायपीट हे तास त्यात कोणी धरले नव्हते. मूल आईच्या छातीशी येणार ते भोंग्यापूर्वी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. मधला सारा दिवस ते चाळीतील एखाद्या म्हातारीच्या किंवा सहासात वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या हवाली असे.

या मधल्या दिवसासाठी अफू होती. मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांची नेमणूक केली, आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात गिरणी कामगार स्त्रियांच्या शंभर अर्भकांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जाते, असे नमूद झाले. बाळागोळी या नावाने ती विकत मिळे. त्या गोळीने मूल रडत नाही, कारण त्याला भूक जाणवत नाही; भूक जाणवत नाही म्हणून ते आईजवळ आल्यावरही जोराने ओढून पीत नाही; आणि पुरेसे ओढले न गेल्यामुळे, आधीच अर्धपोटी असलेल्या त्या मातेचे दूधही लवकर आटते. मूल निजलेले दिसे, प्रत्यक्षात ते उपाशी असे. या प्रघाताबद्दल सुशिक्षितांनी त्या आयांना अडाणी म्हणून पुष्कळ दूषणे दिली. ती मला अन्यायाची वाटतात. ज्या मातेला मूल आणि मजुरी यांपैकी एकाजवळच दिवसभर थांबता येत होते, तिने त्यातून काढलेली ही वाट होती. आणि ज्या अफूच्या विक्रीवर सरकारच्या आबकारी खात्याचा महसूल उभा होता, ती परवान्याच्या दुकानात राजरोस मिळत होती.

त्याचा परिणाम म्युनिसिपालिटीच्या दप्तरात उमटलेला आहे. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भके वर्षाच्या आत दगावली. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हे प्रमाण १३३ होते, तर एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते ८२८ वर गेले होते. या आकड्यात एक खोट आहे व ती सांगितली पाहिजे: पुष्कळ मुले गावी जन्मून मुंबईत मरत, त्यामुळे मृत्यू येथे नोंदला जाई व जन्म मात्र नोंदीत नसे. ती खोट वजा करूनही एका खोलीतले आणि चार खोल्यांतले अंतर काही पुसले जात नाही.

मातेच्या ताटाविषयीही पुरावा आहे. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या कौटुंबिक खर्चाची तपासणी केली, तीत असे आढळले की गिरणी कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी कामांसाठी ठरविलेल्या कमाल शिध्याइतके, पण मुंबईच्या तुरुंगातील कैद्यास मिळणाऱ्या शिध्याहून कमी होते. हा हिशेब कुटुंबाच्या सरासरीचा होता. नवऱ्याला व मुलांना वाढून झाल्यावर जी शेवटी जेवते, तिच्या ताटात त्यातले किती उरत असेल याचा हिशेब कोणी मांडला नाही.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे बिल आणले, पण ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेकौन्सिलात असवले यांचे बिल आले असता, १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विसावा मिळणे ही राष्ट्राच्या हिताची बाब असल्यामुळे त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु तिच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली कायदा झाला. तशा प्रकारचा तो हिंदुस्थानातील पहिलाच, आणि त्यान्वये गिरणीतील बाळंतिणीस रोजी आठ आणे मिळू लागले. ते आठ आणे थोडे होते, पण ते चाळीतल्या बाळंतिणीला काही आठवडे मुलाजवळ राहण्याची मुभा देत होते, आणि आहाराच्या दृष्टीने कोणत्याही औषधाहून हीच गोष्ट मोलाची होती.

मात्र सारा बोजा ज्या त्या गिरणीवर पडत असल्यामुळे कारखानदारांना स्त्री कामगार महाग वाटू लागली. नव्या यंत्रांच्या व काटकसरीच्या निमित्ताने पुढील दशकांत वाइंडिंग-रिळिंगमधून बायकांना कमी करण्यात आले. १९४८ च्या कामगार विमा कायद्याने हा भार मालक, कामगार आणि सरकार यांत वाटला, पण तोवर पुष्कळ स्त्रिया गिरणीबाहेर पडून बिड्या वळणे, खाणावळ चालविणे, भांडी घासणे अशा कामांना लागल्या होत्या, जेथे विम्याचा हात पोहोचत नव्हता.

दुधाची गोष्ट त्या मानाने सुखाची आहे. शहरातील कोंदट तबेल्यांतल्या म्हशी बाहेर नेऊन गोरेगावच्या डोंगरउतारावर आरे वसाहत १९४९ पासून उभी राहिली, आणि दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात दुधाची पूड व पाणी योग्य प्रमाणात मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध तयार केले, त्यामुळे चाळीतल्या पोराच्या पेल्यात प्रथमच भरवशाचे, भेसळ नसलेले दूध आले. एका कुटुंबाला त्याचा अर्धा शेर घेता येई की नाही हे मात्र पुन्हा रोजावरच अवलंबून होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा प्रारंभीच्या ३३ प्रकल्पांत मुंबईच्या धारावीचा समावेश होता. अंगणवाडीत पूरक आहार, लस व आरोग्यतपासणी गरोदर बाईला व तिच्या मुलाला मिळू लागली. बाळंतपणात बुडालेल्या तिच्या रोजाची तरतूद त्या योजनेत नव्हती.