‘परत मागवणे’ : अस्थिरोपणांच्या संदर्भात एका संज्ञेचा इतिहास

बाजारात गेलेली सदोष वस्तू उत्पादकाने परत मागवावी, ही कल्पना मूलतः व्यापारातील आहे. दुकानातील डबा उचलता येतो, मोटार कार्यशाळेत आणता येते. मोडलेले हाड सांधण्यासाठी शरीरात बसवलेली पट्टी, खिळा अथवा अस्थिसिमेंट यांना मात्र ही भाषा सरळ लागू पडत नाही. ते काढायचे तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. अमेरिकी नियमांतील ‘रिकॉल’ या संज्ञेत वस्तू काढून घेणे आणि तिच्यातील दोष दुरुस्त करणे, या दोन्ही क्रिया अंतर्भूत आहेत. रोपणाच्या बाबतीत तिचा अर्थ बहुधा साठ्यातील माल परत घेणे आणि वैद्य व रुग्ण यांना सावध करणे एवढाच उरतो. अशा वेळी संज्ञेचे यश माहिती कोणापर्यंत पोहोचली यावर ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम आर्बुथनॉट लेन यांनी लंडनमध्ये अस्थिभंगासाठी पोलादी पट्ट्या वापरल्या, तेव्हा असे कोणतेही बंधन नव्हते. धातू गंजतो, पट्टी सैल होते, हे शल्यविशारदांना परस्परांच्या लेखांतून कळत असे. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने वैद्यकीय उपकरणे अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत आली. विक्रीपूर्व तपासणीची व्यवस्था १९७६ च्या दुरुस्तीने झाली, आणि सदोष उपकरण परत मागवण्याची सक्ती करण्याचा अधिकार १९९० च्या कायद्याने मिळाला.

१९७६ च्या दुरुस्तीतील एक तरतूद तौलनिक अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावी. नवे उपकरण आधीच्या एखाद्या उपकरणाशी ‘सारतः समतुल्य’ आहे असे दाखवले, की ते ‘५१०-के’ या मार्गाने बाजारात आणता येते; मानवी चाचण्यांची आवश्यकता बहुधा राहत नाही. म्हणजे निर्णय साम्यावर होतो. साम्याच्या या निवाड्यात उपकरणाचा अभिप्रेत उपयोगही मोजला जातो, आणि तो लेबलाच्या शब्दांनी निश्चित होतो.

या शब्दांचे महत्त्व नॉरियन एक्सआर प्रकरणात दिसून आले. कॅल्शियम फॉस्फेटवर आधारित हे अस्थिसिमेंट सिन्थेस या कंपनीची उपकंपनी नॉरियन तयार करीत असे. डिसेंबर २००२ मध्ये हाडातील पोकळी भरण्यासाठी त्यास मान्यता मिळाली. मणक्याच्या दबून झालेल्या अस्थिभंगासाठी ते अभिप्रेत नाही, असा इशारा लेबलावर होता. सिमेंट रक्तात मिसळल्यास गुठळ्या होतात, हे प्राथमिक प्रयोगांत आढळले होते. तरीही कंपनीने नेमक्या त्याच उपयोगासाठी निवडक शल्यविशारदांना प्रशिक्षण दिले आणि त्यास ‘चाचणी विपणन’ असे नाव दिले. तीन रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर दगावले. सिमेंट परत मागवले असते, तर या मृत्यूंचा तपशील प्रशासनापुढे मांडावा लागला असता. कंपनीने तसे केले नाही, उलट २००४ च्या तपासणीत अधिकाऱ्यांची दिशाभूल केली, असा अभियोग पक्षाचा आरोप होता. २००९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. २०१० मध्ये कंपन्यांनी गुन्हा कबूल करून सुमारे २.३ कोटी डॉलरचा दंड पत्करला, आणि २०११ मध्ये फिलाडेल्फिया येथील न्यायालयाने चार अधिकाऱ्यांना पाच ते नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली.

दुसरे प्रकरण याच्या उलट आहे. डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूचा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. तो सुमारे ९३,००० रुग्णांच्या शरीरात होता. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंड-वेल्समध्ये कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही होती. कोणत्या रोपणानंतर पुनर्शस्त्रक्रिया अधिक होतात, हे तिच्यावरून कळू शकले. भारतात अस्थिरोपणे २००५ मध्ये औषध कायद्याच्या कक्षेत आली होती आणि एएसआरला २००६ मध्ये आयात परवाना मिळाला होता, परंतु अशी सार्वत्रिक नोंद नव्हती. येथे सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल पुढील वर्षी आला, तेव्हाही सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता. घोषणा झाली होती. ती ऐकण्याचा ज्यांना प्रथम अधिकार, त्यांची यादीच हाती नव्हती. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांत उत्पादन परत मागवण्याची स्वतंत्र तरतूद आली, ती या पार्श्वभूमीवर.

दोन्ही प्रकरणे एकत्र वाचली असता या संज्ञेच्या मर्यादा स्पष्ट होतात. एका ठिकाणी इशारा छापलेला होता, पण लिहिणाऱ्यानेच तो मोडला. दुसऱ्या ठिकाणी इशारा दिला गेला, पण त्याचा वाचक सापडला नाही. कोणाच्या शरीरात कोणते रोपण आहे, याची नोंद शस्त्रक्रियेच्या दिवशीच झाली नसेल, तर वर्षांनंतर काढलेले परिपत्रक कितीही नेमके असले तरी त्या रुग्णाच्या दृष्टीने ते लिहिलेच गेलेले नसते.