स्त्रीवादी धर्मचिकित्सा : वाशीम, वऱ्हाड आणि महाराष्ट्र

धर्माने स्त्रीला कोणते स्थान दिले, ते नियम कोणी घातले आणि त्यांचा लाभ कोणाच्या पदरात पडला, याची स्त्रीच्या बाजूने केलेली तपासणी म्हणजे स्त्रीवादी धर्मचिकित्सा. हे खूळ पाश्चात्त्यांकडून आले, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. वऱ्हाडापुरते पाहिले तरी तो टिकत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा आणि त्याला लागून असलेला बुलढाणा एवढ्या टापूतही या वादाचा जुना माग सापडतो.

वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ हे जैनांचे मोठे तीर्थ. मूर्तीवर कटिसूत्र आणि लंगोटाची खूण असावी की नसावी, यावरून जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर या पंथांतला दावा १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ पासून बंद असलेले मंदिर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. या भांडणाच्या बातम्या पुष्कळ छापून आल्या. पण वस्त्राच्या याच प्रश्नावर जैन परंपरेत स्त्रीचा मोक्षही अडलेला आहे, हे क्वचितच सांगितले जाते. दिगंबर मतानुसार वस्त्रत्यागाशिवाय पूर्ण संन्यास नाही आणि स्त्रीला नग्न राहता येत नाही; म्हणून स्त्रीजन्मात मोक्ष नाही. श्वेतांबर हे मानत नाहीत. एकोणिसावे तीर्थंकर मल्ली त्यांच्या मते स्त्री होते, दिगंबरांच्या मते पुरुष. नवव्या शतकात जैनांच्याच यापनीय पंथाच्या शाकटायनाने स्त्रीच्या मोक्षाधिकाराच्या बाजूने स्वतंत्र प्रकरणच लिहिले. पद्मनाभ जैनी यांनी १९९१ मध्ये हा सगळा वाद इंग्रजीत आणला. त्यातली खटकणारी बाब अशी की, स्त्रीच्या मुक्तीवर शतकानुशतके वाद घातला तो पुरुषांनी. दोन्ही पंथांत साध्वी आणि आर्यिका मोठ्या संख्येने होत्या, पण ग्रंथांत त्यांचे म्हणणे उमटले नाही.

महानुभाव पंथाच्या ग्रंथांत मात्र स्त्रियांचे म्हणणे उमटले. ‘लीळाचरित्रा’त शिष्या महदाइसा पंथप्रवर्तक चक्रधरांना प्रश्नावर प्रश्न विचारते. शरीरातून इतर मळ वाहतात तसाच मासिक पाळीचा विटाळ, त्यात वेगळी अपवित्रता नाही, अशी चक्रधरांची भूमिका होती. तेराव्या शतकात ती मोठीच म्हणावी लागेल. मात्र पुरुष साधकाला स्त्रीच्या नुसत्या दर्शनाने माज येतो, हा इशाराही याच पंथाच्या आचारधर्मात आहे. दोन्ही बाजू एकत्र वाचल्याशिवाय पंथाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

आधुनिक काळातला पहिला घणाघात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सरसकट बायकांच्या नीतीवर आसूड ओढले गेले. त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ निघाले: प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ताराबाई थेट पोथ्यांना हात घालतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी असा कोणी नवरा गेल्याचे ऐकले आहे काय, हा त्यांचा सवाल. पतीला देव मानायचे तर त्याने देवासारखे वागायला नको का, हा दुसरा. पुस्तकावर गदारोळ झाला तेव्हा जोतीराव फुले ‘सत्सार’मधून त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

वऱ्हाडाबाहेर पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ब्राह्मण पुरोहितांचे जोखड टाकून बिशपांचे घेण्यास ठाम नकार दिला. धर्म बदलला म्हणजे चिकित्सा संपत नाही, हे त्यांच्या पत्रव्यवहारातून स्वच्छ दिसते.

मुस्लिम समाजात १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. पुढे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराणाचाच आधार घेऊन हाच लढा चालवला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला. असा तलाक गुन्हा ठरवणाऱ्या २०१९ च्या कायद्याने मात्र स्त्रीवाद्यांतच फूट पडली. नवऱ्याला तुरुंगात टाकून बायकोच्या पोटाची सोय कशी होणार, हा फ्लेविया अ‍ॅग्नेस यांच्यासारख्या वकिलांचा आक्षेप रास्त होता.

देवस्थानांच्या प्रवेशाचे लढे अधिक गाजले. २०१६ च्या गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्यातील बंदी उठवली. दलित स्त्रीवाद्यांना एवढे पुरेसे वाटत नाही. जात टिकवण्यासाठी स्त्रीवर बंधने घातली, हे बाबासाहेब आंबेडकरांचे विश्लेषण त्या पायाभूत मानतात. शर्मिला रेगे यांनी तेच २०१३ च्या ग्रंथात मांडले. आंबेडकरांच्याच पुढाकाराने महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. १९९६ मध्ये चंद्रपूरच्या दलित महिला परिषदेने तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा अशी मागणी केली, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तो पाळला जातो.