सुरीची मूठ : घडण आणि निगा

इंदूरसह माळव्यात गाडिया लोहार मागणीप्रमाणे सुरी घडवतात. घडवून घेताना पात्याचे माप व उपयोग आधी सांगावा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्र गणले जाते. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची पाती यातून वगळली आहेत.

शिसवी मूठ कोरडी पडल्यास पाते जाड कापडात गुंडाळावे. मूठ आधी १२०, मग २२० नंबरच्या काचपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावी. अळशीच्या तेलाचा पातळ हात देऊन जादा तेल पुसावे. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेटू शकतात; उघड्यावर पसरून वाळवावीत.