उलटणारा ताप आणि अंगावरचं एकच वस्त्र

आज मी रायपूरच्या गोल बाजारातून बोलतो आहे. पूजेचं साहित्य, बांगड्या, टोपल्या, जडीबुटी या सगळ्या गर्दीत इथे एक वस्तू अजून मिळते : दोन्ही बाजूंनी बारीक दात असलेली, उवा-लिखा काढायची फणी. या फणीने डोक्यातली ऊ निघते. आजच्या विषयातली ऊ मात्र तिला सापडत नाही, कारण ती कपड्याच्या शिवणीत राहते, तिथेच अंडी घालते आणि फक्त रक्त प्यायला अंगावर येते. इकडे हिंदीत डोक्यातलीला जूं आणि कपड्यातलीला चीलर म्हणतात. मराठीत आपण दोघींनाही ऊच म्हणतो. एके काळी या फरकावर लाखो माणसांचं जगणं-मरणं अवलंबून होतं.

गोष्ट सुरू होते १८७६च्या दुष्काळापासून. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, सातारा, अहमदनगर, कलादगी या भागांतून माणसं गावं सोडून निघाली आणि १८७७मध्ये मुंबईत त्यांचे लोंढे आले. त्यांच्यासोबत एक विचित्र ताप आला. थंडी वाजून एकदम जोराचा ताप चढायचा, अंग ठणकायचं, कावीळ व्हायची. पाच-सात दिवसांनी दरदरून घाम फुटून ताप उतरायचा. घरच्यांना वाटायचं, सुटलो. आणि साधारण आठवड्याने तोच ताप पुन्हा यायचा. आपल्याकडे ‘ताप उलटला’ म्हणतात, तो शब्द या आजाराला अक्षरशः लागू पडतो. सरकारी डॉक्टर त्याला दुष्काळाचा ताप म्हणत. कोणी घाणेरड्या हवेला दोष देई, कोणी उपासमारीला, कोणी आलेल्या लोकांच्या गलिच्छपणाला.

त्या वेळी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे डॉक्टर होते. नाव ओळखीचं नसेल, पण त्यांचं काम जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाहिलं आहे. १८५८मध्ये निघालेल्या ‘ग्रेज् अॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं त्यांची. त्याच वर्षी ते मुंबईला आले. पुढे काही वर्षं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, म्हणजे दख्खनची माणसं त्यांना नवीन नव्हती. चित्रकाराची नजर आणि सूक्ष्मदर्शकाचा सराव, दोन्ही त्यांच्याकडे होतं.

कार्टरनी तापात असलेल्या रोग्यांच्या रक्ताचे थेंब काचेवर घेऊन पाहिले. तांबड्या पेशींच्या मधून मळसूत्रासारखे पीळदार, अतिशय बारीक धागे वळवळत जाताना दिसले. ताप उतरला की धागे नाहीसे. ताप उलटला की पुन्हा हजर. हेच धागे ऑटो ओबरमायर या तरुण डॉक्टरने बर्लिनमध्ये पाहिले होते आणि १८७३मध्ये त्यावर लेख लिहिला होता. त्याच वर्षी कॉलऱ्याने, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो गेला. कार्टरनी मुंबईत त्याचा शोध खरा ठरवला आणि पुढे नेला. रोग्याचं रक्त टोचून माकडांना तोच ताप आणून दाखवला. स्वतःलाही तो ताप झाला, तरी काम सोडलं नाही. १८८२मध्ये पश्चिम हिंदुस्थानातल्या या तापावर त्यांचा मोठा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला.

इथे जरा थांबू. मलेरियाचा जंतू अजून कोणी पाहिला नव्हता, क्षयाचाही नाही. अशा काळात मुंबईच्या रुग्णालयात एक माणूस दाखवत होता, की हा ताप हवेतून किंवा रिकाम्या पोटातून उपजत नाही, त्याला एक विशिष्ट जिवंत कारण आहे. पण एक प्रश्न उरला. जंतू रक्तात आहे, मग तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा?

या प्रश्नाला तीस वर्षं लागली. युरोपात कोणी ढेकणाकडे बोट दाखवलं. आफ्रिकेत १९०४-०५च्या सुमारास कळलं, की तिथला असाच एक ताप गोचिडीसारख्या किड्याकडून येतो. त्यावर काम करणारे जोसेफ डटन त्याच तापाने काँगोत वारले. आपल्याकडचं उत्तर मिळालं ते नाशिकला. १९०७मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर एफ. पी. मॅकी यांना नाशिकच्या एका मिशनच्या वसाहतीत ही साथ पाहायला मिळाली. पुढे हेच मॅकी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. त्या वसाहतीत मुलगे धडाधड आजारी पडत होते, मुली त्या मानाने फार कमी. जागा एक, पाणी एक, हवा एक. मग फरक कशात? मॅकींनी कपडे तपासले. मुलांच्या कपड्यांत उवा बुजबुजल्या होत्या, मुलींच्या कपड्यांत थोड्या. उवा फोडून पाहिल्या, तर त्यांच्या पोटात कार्टरनी पाहिलेले तेच पीळदार धागे वाढत होते.

शेवटची कडी १९१२-१३च्या सुमारास ट्युनिसमध्ये जुळली. शार्ल निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ऊ नुसती चावल्याने हा रोग सहसा होत नाही. खाज येते, माणूस खाजवतो, ऊ चिरडली जाते आणि तिच्या अंगातला जंतू ओरखड्यातून आत शिरतो. शिवाय या उवेला फार गरम अंग सोसत नाही. माणूस तापाने फणफणला की ती त्याला सोडून शेजारी झोपलेल्याच्या कपड्यांत जाते. गर्दीत, एकमेकांना चिकटून झोपणाऱ्यांत साथ वणव्यासारखी का पसरते, ते यातून उलगडतं.

आता १८७७कडे परत पाहा. दुष्काळी कामांवर रिचर्ड टेंपल यांनी पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली होती. अर्धा किलोसुद्धा नाही. पुण्याची सार्वजनिक सभा त्याविरुद्ध सरकारला लिहीत होती. या मजुरीत पोट भरत नव्हतं, तिथे दुसरं धोतर किंवा लुगडं कुठून येणार? अंगावर एकच वस्त्र असेल तर ते धुवायला उतरवता येत नाही, उकळत्या पाण्यात टाकता येत नाही. पाणी आणि सरपण यांचाही दुष्काळच. कपड्यातली ऊ नेमकी अशाच वस्त्रात टिकते. ज्याला लोक गलिच्छपणा म्हणत होते, ती कपड्यांची दुसरी जोडी नसण्याची अवस्था होती.

या जंतूंच्या कुळाला १९०७मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आमेदे बोरेल यांच्यावरून ‘बोरेलिया’ हे नाव मिळालं. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून तुम्ही लाइम रोगाचं नाव ऐकलं असेल. गोचिडीतून येणाऱ्या त्या रोगाचा जंतू याच कुळातला. विली बर्गडॉर्फर यांच्या गटाने तो १९८२मध्ये जाहीर केला. ताप का उलटतो, हेही आता कळलं आहे. शरीर जंतूला ओळखून मारू लागतं, तेव्हा त्यातले काही जंतू आपल्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन बदलतात. शरीराला ओळख नव्याने पटेपर्यंत ते पुन्हा वाढलेले असतात. आज हा ताप साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. इथिओपिया आणि आसपास तो अजून आहे, आणि २०१५मध्ये आफ्रिकेतून युरोपात पोहोचलेल्या निर्वासितांमध्येही तो सापडला. म्हणजे आजही तो घर सुटलेल्या, कपडे बदलायची सोय नसलेल्या माणसांच्याच वाट्याला येतो.

हे सगळं मी रायपुरात बसून का सांगतो आहे? कारण १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, त्यात छत्तीसगडही आलं. तेव्हाच्या मृत्यूच्या सरकारी तक्त्यांत कॉलरा, देवी असे रकाने असत, आणि सगळ्यात मोठा रकाना बहुतेक वेळा ‘ताप’ हा असे. त्या एका शब्दात मलेरिया आणि इतर कितीतरी आजार एकत्र कोंबलेले असत. अशा तक्त्यांवरून भुकेने किती मेले आणि रोगाने किती, असा हिशेब मांडला जातो. कार्टर आणि मॅकी यांचं काम शेजारी ठेवलं, की तो हिशेब लंगडा पडतो. दख्खनच्या त्या तापात जंतू खरा होता, ऊही खरी होती, पण उवेला राहायला जागा दुष्काळाने दिली. तेव्हा जुन्या कागदात ‘तापाने मेला’ अशी नोंद दिसली, तर पुढचा प्रश्न जरूर विचारा : त्या माणसाकडे अंगावरचं सोडून दुसरं वस्त्र होतं का?